वाळलेली पानं, दोन नग

माझ्या गाडीची मागची बाजू खाली बसली आहे, हे मला शेजारच्या धोंडाबाईंनी सांगितलं. त्या कुंपणापलीकडे म्हशीला पेंढा टाकत होत्या आणि मी मऊ फडक्याने गाडीचा डावा दिवा पुसत होतो. त्यांनी पेंढी खाली ठेवली, मान तिरकी करून गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "देवस्थळी भाऊ, तुमची गाडी गाभण हाय का?"

मी हसलो नाही. गाडीच्या बाबतीत मी हसत नाही. माझी गाडी लाल, विलायती, बिनछपराची, दोनच माणसांची आणि माझ्या लग्नाहून अठरा वर्षांनी मोठी आहे. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात किंवा सोसायटीचे सचिव होतात. मी भरे गावात छोटं घर बांधलं आणि ही गाडी घेतली. दोन्ही निर्णय माझ्या बायकोला, सुनीतीला, मान्य होते असं मी समजून चालतो.

धोंडाबाईंचं निदान मी मनावर घेतलं नसतं. पण पुढच्याच आठवड्यात गाडीची नोंदणी वाढवून घ्यायला मी ती पुण्याला नेली, तिथे तपासणी करणारे साहेब गाडीमागे उकिडवे बसले, चाक आणि पत्रा यांच्या फटीत त्यांनी बोटं घातली आणि म्हणाले, "काका, चार बोटं बसलीय. पाटे गेलेत हिचे. बदलून आणा." मग त्यांनी अर्जावर फेरतपासणीसाठी अठ्ठावीस नोव्हेंबर ही तारीख घातली. माणूस सभ्य होता. 'गाभण' हा शब्द त्याने वापरला नाही, पण त्याच्या डोळ्यांत तो होता.

ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकांवर गाडीचं ओझं ज्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या पेलतात, एकीखाली एक अशा पाच-सहा, धनुष्यासारख्या, त्या जुडग्याला पाटा म्हणतात. ट्रकला असतो तसाच, फक्त नाजूक. इंग्रजीत त्याला लीफ स्प्रिंग म्हणतात, आणि माझ्या पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ या 'लीफ' शब्दात आहे.

त्याआधी इंद्रजितबद्दल सांगायला हवं. लवासाच्या वाटेवर या तरुणाचं हॉटेल आहे आणि त्याला माझी गाडी हवी होती. चालवायला नव्हे. त्याला ती हिरवळीवर उभी करून, बॉनेट उघडं ठेवून, आत शेवंती लावायची होती. "काका, लोक फोटो काढतील," तो मला पटवत होता. मी फडकं घेऊन दिवा पुसायला लागलो. सुनीतीने मात्र विषयात रस घेतला. ती तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती.

"शेवंतीला निचरा चांगला लागतो," ती म्हणाली. "इंजिन काढलंत तर होईल."

इंद्रजित गेल्यावर तिने मला शांतपणे सांगितलं, "अहो, दोन वर्षं झाली. गाडी चालते कमी आणि पुसली जाते जास्त. अठ्ठावीस तारखेला पास झाली तर ठेवा. नाही तर शेवंती."

मी त्याच दुपारी इंग्लंडहून दोन पाटे मागवले आणि ते मी स्वतः, माझ्या हातांनी, बसवीन असं जाहीर केलं. हे जाहीर करण्याची गरज नव्हती. पण मी ते सकाळच्या फिरायच्या मंडळींसमोर केलं, त्यामुळे मागे फिरायची सोय उरली नाही. मंडळींनी लगेच सल्ले दिले. एकाने पाट्यांना आधी एरंडेल चोळायला सांगितलं. एकाने आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली, ज्यात मेव्हणा शेवटी बसने जाऊ लागतो. धोंडाबाईंचा मुलगा भैरू दूध घालून परत येत होता, तो म्हणाला, "कशाला विलायतेस्नं आणताय? आमच्या जुन्या जीपचं पाटं पडल्यात गोठ्यामागं. न्या की." मी त्याला त्या दोन पाट्यांतला फरक समजावून सांगितला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे आमचं मजबूत हायेत."

दहा दिवसांनी माल सोडवून देणाऱ्या कंपनीतून फोन आला. बोलणारीचं नाव रेश्मा होतं आणि आवाज अतिशय गोड होता.

"सर, तुमचं पार्सल आलंय. पानं ताजी आहेत की वाळलेली?"

"कसली पानं?"

"लीफ लिहिलंय सर. दोन नग."

"अहो, ती लोखंडाची आहेत."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "म्हणजे वाळलेली," रेश्मा म्हणाली.

पुढचे दहा दिवस मी विमा कचेरीतला सगळा अनुभव पणाला लावला. मी पत्र लिहिलं. पत्रासोबत पाट्याचा फोटो जोडला. फोटोवर बाण काढून 'हे पोलाद आहे' असं लिहिलं. उत्तर आलं की परदेशी वनस्पतीच्या अर्जात रकाना क्रमांक सात, म्हणजे वनस्पतीचं शास्त्रीय नाव, रिकामा आहे, तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. मी रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं. अर्ज परत आला. मी 'ही वनस्पती नाही' असं लिहिलं. अर्ज परत आला, सोबत सूचना की नाव लॅटिनमध्ये हवं.

त्या दिवशी माझा तोल गेला. मी सुनीतीला म्हणालो, "तूच सांग आता काय लिहू."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा, स्टीलस विलायतिका."

ती थट्टा करत होती हे मला माहीत होतं. तरी मी ते लिहिलं. आयुष्यभर लोकांच्या खोट्या दाव्यांवर लाल शेरे मारणाऱ्या माणसाने सरळ लॅटिनमध्ये खोटं लिहिलं. तिसऱ्या दिवशी पार्सल घरी आलं. त्याला धुरी दिलेली होती, कडुनिंबासारखा उग्र वास येत होता, आणि सोबत एक शिक्का मारलेला दाखला होता: स्टीलस विलायतिका, वाळलेली पानं, दोन नग, कीडमुक्त. धोंडाबाईंनी तो दाखला माझ्याकडून वाचून घेतला आणि समाधानाने मान हलवली. "चांगलं झालं. आमच्या वांग्यावर लई कीड हाय औंदा."

तोवर बारा नोव्हेंबर उजाडला होता आणि इकडे जुने पाटे अजून निघालेच नव्हते. त्याला कारण कोंबडी.

मी गाडी मागून उचलून दोन लोखंडी घोड्यांवर टेकवली होती, चाकं काढली होती आणि डिकी उघडी ठेवली होती. धोंडाबाईंची एक तांबडी कोंबडी कुंपण ओलांडून आली, डिकीतल्या जुन्या गोणपाटावर बसली आणि नऊ अंड्यांवर तिने ठिय्या दिला. मी तिला उठवायला गेलो तेव्हा धोंडाबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"खुडूक हाय ती. उटवू नका."

"मावशी, मला काम करायचंय."

"करा की. खाली करा. फकस्त ठोकाठोकी न्हाई करायची. अंडी नासत्यात."

ज्याने कधी पन्नास वर्षांचा गंजलेला बोल्ट पाहिला आहे त्याला या अटीचं गांभीर्य कळेल. पाट्याचं पुढचं टोक गाडीला ज्या बोल्टने जोडलेलं असतं तो बोल्ट आता बोल्ट राहिलेला नव्हता, तो गाडीचा अवयव झाला होता. अशा वेळी जगभरचे लोक हातोडा वापरतात. मला हातोडा बंद होता. मी त्यावर रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं, एका भल्या माणसाच्या सांगण्यावरून थंड पेयही ओतलं, ज्याने मुंग्या तेवढ्या आल्या. मग गाडीखाली उताणा पडून, पान्याला चार फुटी पाइप लावून, मी तीन दिवस तो बोल्ट आवाज न करता ओढत होतो. माझ्या तोंडावर पन्नास वर्षांची धूळ पडत होती आणि वरून कोंबडी अधूनमधून नापसंतीचा आवाज काढत होती.

चौथ्या दिवशी सुनीती चहा घेऊन आली. ती खाली वाकली, पाइप पाहिला, माझे पाय पाहिले आणि म्हणाली, "अहो, उताणं झोपल्यावर डावं-उजवं उलटं होत नाही का?"

मी ती जाईपर्यंत थांबलो आणि पाइप दुसऱ्या बाजूला ओढला. बोल्ट एकदा किंचाळला आणि सुटला. तीन दिवस मी तो आवळत होतो.

अंडी फुटली ती वीस तारखेला. नऊपैकी सात पिलं निघाली. धोंडाबाईंनी कोंबडी आणि पिलं पाटीत घालून नेली आणि जाताना मला म्हणाल्या, "आता ठोका." पण तोपर्यंत मी चारही टोकं शांततेच्या मार्गाने सोडवली होती आणि ठोकायला काही उरलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवे पाटे बसवायला मला तीन दिवस लागले. पुस्तकात याला एक दुपार लागते असं लिहिलं आहे. पुस्तक ज्याने लिहिलं त्याला बहुधा चार हात होते. एका हाताने जॅकने एक्सल वर घ्यायचा, दुसऱ्याने पाटा धरायचा, तिसऱ्याने बोल्ट भोकात घालायचा आणि चौथ्याने घाम पुसायचा. तरी मी ते केलं. तेवीस तारखेच्या सकाळी चाकं चढवली, घोड्या काढल्या आणि फिरायच्या मंडळींना मुद्दाम फाटकाशी थांबवून गाडी सुरू केली. मंडळी टाळ्या वाजवण्याच्या बेतात होती. गाडी सहा फूट गेली. मग मागून असा आवाज आला, जसा कोणी पत्र्याच्या पेटीवर बसून ती फरपटत नेतोय. मी थांबलो. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मेव्हण्याची गोष्ट सांगणारे गृहस्थ म्हणाले, "बस आता सव्वाआठला आहे."

पिरंगुटला रस्त्याकडेला नबीलाल मुलाणी यांचं पाट्यांचं दुकान आहे. दिवसभर त्यांच्याकडे ट्रक, डंपर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. साठीचा, पांढरी दाढी राखलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांच्याकडे जायचं नाही असं मी पहिल्या दिवशी ठरवलं होतं. चोवीस तारखेला मी भैरूच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांच्याकडे गेलो.

ते माझ्याबरोबर घरी आले, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकले आणि उठले. एवढंच. एकूण अर्धं मिनिट.

"सायेब, पाटं उलटं बसवल्यात तुमी."

"उलटे म्हणजे?"

"फुडचं तोंड मागं गेलंय. ह्या पाट्याचा मदला बोल्ट मधोमध नसतोय, फुडल्या अंगाला असतोय. तुमी फिरवून घातला, म्हनून चाक मागं सरकलं आन् पत्र्याला घासतंय." त्यांनी बोटाने दाखवलं. "दोनी बाजू सारक्याच चुकल्यात, हे बरं झालं."

ते हसले नाहीत. हसले असते तर मी रागावू शकलो असतो. भैरूने दुसरीकडे तोंड फिरवलं. सुनीती घरातून बाहेर आली होती, आणि चार दिवसांवर आलेली तारीख अंगणाच्या मधोमध कोणीतरी आणून ठेवल्यासारखी वाटली. मी घराच्या पायरीवर बसलो. मला तिथे पहिल्यांदा खरंच शेवंती दिसू लागली. पिवळी.

"तुम्हीच करून द्या," मी नबीलालना म्हणालो. "मी बाजूला होतो."

नबीलालनी बाह्या सारल्या. डाव्या बाजूचा पाटा त्यांनी तासाभरात काढला, फिरवला आणि बसवला. त्यांचा हात घाई करत नव्हता. ते बोल्ट आधी बोटांनी फिरवून घेत, पाना मागाहून लावत. मी तेवढ्यात दोनदा चहा आणला. डावी बाजू झाल्यावर त्यांनी फडक्याला हात पुसले आणि पाना माझ्यासमोर धरला.

"उजवी तुमी करा."

"मी? पुन्हा?"

"तुमाला सगळं येतंय. पाच-सा दिवस हितंच तर काम केलंय तुमी. फकस्त तोंड कुटं ते ठावं न्हवतं. आता ठावं झालं." ते बाजेवर जाऊन बसले. "मी हाय हितं."

उजवी बाजू मी केली. मला अडीच तास लागले. नबीलाल एकदाच बोलले, "बोटांनी आदी, सायेब." बाकी वेळ ते धोंडाबाईंशी म्हशीच्या दुधाबद्दल बोलत होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

गाडी सुरू केली. घासण्याचा आवाज गेला होता. आम्ही सगळे दहा पावलं मागे जाऊन उभे राहिलो आणि धोंडाबाई म्हणाल्या, "आता बदक दिसतंय."

खरं होतं ते. नवे पाटे इतके ताठ होते की गाडीचं तोंड जमिनीला आणि शेपूट आकाशात. चार बोटं बसलेली गाडी नापास होते, तर सात बोटं उठलेली पास कशी व्हावी?

"नवा पाटा हाय," नबीलाल म्हणाले. "त्याला बसायला शिकवावं लागतंय. दोन दिस वजन घालून फिरवा. खड्ड्याच्या रस्त्यानं."

खड्ड्याच्या रस्त्याची चिंता नव्हती. वजन कुठून आणायचं हा प्रश्न होता. तो धोंडाबाईंनी सोडवला. त्यांचं भाताचं पीक नुकतंच झोडून झालं होतं आणि भात पौडच्या गिरणीत न्यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भैरूने एक पोतं डिकीत घातलं, आणखी दोन पोती सीटांच्या मागे रेटली, आणि माझी विलायती मोटार, जिच्यात मी कधी ओली छत्री ठेवू दिली नव्हती, भाताने भरली. मग पुढे कोण बसणार याचा विचार झाला. नबीलालनी सांगितलं होतं की वजन हवं. माझं वजन त्रेपन्न किलो आहे. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा सुनीतीकडे पाहिलं.

"किल्ली द्या," सुनीती म्हणाली.

धोंडाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि बाजूच्या सीटवर बसल्या. दार लावताना त्यांनी मला विचारलं, "झाकान न्हाई का हिला?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरंय. वारं लागंल."

मी भैरूच्या मोटारसायकलवर मागून गेलो. घोटावडे फाट्यापासून पौडपर्यंत मी माझी गाडी पहिल्यांदाच लांबून, चालताना पाहिली. आत असताना ती दिसत नाही. खड्ड्यात जायची, मागची बाजू दबायची, आणि वर येताना नुसती मान डोलावल्यासारखी सरळ व्हायची. सुनीती खड्डे चुकवत नव्हती. तिचे पांढरे केस सुटून उडत होते. धोंडाबाई एका हाताने पदर आणि दुसऱ्याने दार धरून तिला काहीतरी सांगत होत्या आणि दोघी हसत होत्या.

गिरणीत भात उतरवायला तासभर गेला. भरडून आलेला तांदूळ पुन्हा गाडीत भरून झाला, तेव्हा सुनीती म्हणाली, "मावशींनी धरणाची भिंत पाहिलेली नाही. आम्ही दोघी जाऊन येतो."

"न्हाई म्हंजे, लगनाच्या टायमाला पायली हुती," धोंडाबाई म्हणाल्या. "तवा यष्टीतनं. मुंडकं बाहेर काडून."

"पण तांदूळ?"

"वजन नको का?" सुनीती म्हणाली, आणि गेली.

मी आणि भैरू गिरणीच्या बाकावर अडीच तास बसलो. तो मला म्हणाला, "आई लई वर्सांत अशी कुटं गेली न्हाई." परत आल्या तेव्हा दोघींच्या नाकावर ऊन लागलं होतं. त्याच संध्याकाळी इंद्रजितचा फोन आला. तो सुनीतीने घेतला. "शेवंतीला मोठ्या कुंड्या घ्या," ती त्याला सांगत होती. "गाडी मला शनिवारी लागते." पास व्हायची अट तिने आपणहून अशी मोडली, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असल्याचं सोंग केलं.

अट मोडली तरी तारीख होतीच. अठ्ठावीसला त्याच साहेबांनी त्याच फटीत बोटं घातली. तीन दिवस तांदूळ वाहून पाटे गुणी मुलांसारखे बसले होते. साहेबांनी डिकी उघडली, तळातून चिमूटभर भात उचलला, तळहातावर घेतला, हुंगला.

"आंबेमोहर?"

"इंद्रायणी," मी म्हणालो.

त्यांनी दाणे खिशात टाकले आणि अर्जावर सही केली.

परत येताना भूगावला सुनीतीने गाडी बाजूला घेतली, उतरली आणि मला म्हणाली, "आता तुम्ही." मी चालवायला बसलो. पिरंगुटचा घाट चढलो, उतरलो. पुढे एक मोठा गतिरोधक होता, त्यावरून मी जपून गेलो. सुनीतीने मागे वळून आधी डाव्या चाकाकडे आणि मग उजव्या चाकाकडे कान दिला.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

पुढचा गतिरोधकही तसाच ओलांडला. तिने पुन्हा दोन्ही बाजूंना कान दिला.

"यातली तुम्ही बसवलेली बाजू कुठली?"

"का? आवाज येतोय?"

"नाही," ती सीटवर मागे टेकून म्हणाली. "दोन्ही सारख्याच आहेत, म्हणून विचारलं."

मी तिला सांगितलं नाही. घर येईपर्यंत रस्त्यात आणखी सहा गतिरोधक होते, आणि प्रत्येकावर ती ओळखायचा प्रयत्न करत होती.